कमरेतली चुकीची जोड

एक दिवस दुपारी जेवायला घरी आलो, तर बायको माझ्या पायांकडं बघतच राहिली. "एकच चप्पल घालून काहून आलात?" दुसरी रस्त्यात कुठंतरी निसटली होती आणि उन्हानं तापलेल्या डांबरावरून मी तसाच आलो होतो. मला पत्ताच नव्हता.

उमापुरात आमचं कापडाचं दुकान आहे. चार-पाच महिन्यांपासून थोडं चाललं की पाय लटपटायचे, बसलं की बरं वाटायचं. मणक्यात गॅप असेल, असं सगळेच म्हणाले. मी पट्टा बांधला, तेल चोळून घेतलं. लघवीला त्रास होत होता, तो मात्र लाजेनं लपवला. त्या दिवशी बायकोनं तेही वदवून घेतलं आणि दुसऱ्याच दिवशी मला संभाजीनगरला नेलं.

तिथल्या डॉक्टरांनी एमआरआय केला. मग जांघेतून बारीक नळी घालून पाठीतल्या रक्तवाहिन्या तपासल्या. म्हणाले, "गॅपचं काही नाही. कमरेपाशी एक धमनी थेट शिरेला जोडली गेलीय. जोरानं येणारं रक्त सरळ शिरेत घुसतं. मग मज्जारज्जूतलं रक्त बाहेर पडायला वाट राहत नाही. तो सुजलाय."

मला काही उमगेना. बायको शेतकऱ्याची लेक. ती म्हणाली, "मंजी विहिरीवरच्या मोटारीचा पाईप सरळ नाल्याला जोडला. नाला तुंबला अन् पाणी मुरून रान उपळलं."

डॉक्टर हसले. "आता बाकीच्या पेशंटनाही तुम्हीच सांगा."

"मग ती जोड बंद करा की," बायको म्हणाली.

"करू. नळीतूनच गोंदासारखं औषध सोडू. पण गेलेली ताकद किती परत येईल, ते आज सांगता यायचं न्हाई," डॉक्टरही आमच्यासारखंच बोलून गेले.

उपचारानंतर चौथ्या दिवशी तिनं माझ्या पावलावर ओला रुमाल ठेवला.

"काय लागतंय?"

"गार."

तिनं रुमाल पुन्हा पिळून दुसऱ्या पावलावर ठेवला. तिथंही गार लागलं. मग मात्र तिनं शेजारच्या खाटांवरच्या सगळ्यांना पेढे वाटले.

पुढं सहा महिने व्यायाम, आधी वॉकर, मग काठी. डावा तळवा अजून थोडा बधिर आहे, पण शिडीवर चढून वरच्या फळीवरचं कापड मीच काढतो. गिऱ्हाइकं लुगडं बघता बघता पाय पुढं करतात: "मालक, मुंग्या येतात हो, बघा जरा." मी म्हणतो, "मी कापडवाला हाय. डॉक्टरला दाखवा, अन् लाजू नका." मग बायको गल्ल्यावरून उठते आणि त्यांना नाल्याची गोष्ट सांगायला बसते.