आधी उभी माणसं, मग खुर्च्या

मावशीच्या तोंडी लागू नये, असं गावात सगळेच एकमेकांना सांगत आणि खुर्च्या लागल्या की सगळेच तिच्या दारात येऊन उभे राहत. नवऱ्यामागे खुर्च्या भाड्याने देण्याचा धंदा तिने एकवीस वर्षं एकटीने ओढला होता. गोदामात घडीच्या पाचशे लोखंडी खुर्च्या, दहा-दहाच्या थप्प्या, प्रत्येकीच्या पाठीवर हिरवा ठिपका. कुरकुरणारी खुर्ची आणि कुरकुरणारं माणूस, दोन्ही तिला खपत नसे. खुर्चीला निदान तेल तरी घालता येतं, म्हणायची.

सूतगिरणी बंद पडली, कामाच्या वयाची माणसं शहराकडे गेली, आणि मावशीच्या खुर्च्या शोकसभेपुरत्याच बाहेर पडू लागल्या. लग्नं शहरातल्या हॉलमध्ये आणि मरण तेवढं गावात, अशी वाटणी झाली. मग निवृत्त मास्तरांनी डोकं लढवलं: गावचा एक मेळा भरवायचा. आपलेच गाणारे, आपलेच नाटकवाले, आपल्याच कारागिरांच्या वस्तू.

पहिल्या वर्षी मास्तरांनी मोठ्या मैदानावर हट्टाने पाचशेच्या पाचशे खुर्च्या मांडून घेतल्या. माणसं आली दीडशे. जो तो चार खुर्च्या सोडून ऐसपैस बसला. बाकीचे फाटकातून डोकावायचे, रिकाम्या रांगा बघायचे आणि आल्या पावली परत फिरायचे. गाणारी गात होती बिचारी, पण तिचंही तोंड उतरलं होतं.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या लेकीने फोनवर धरलं. "आई, गाव संपलंय. तुझे गुडघे गेलेत. कुणासाठी राहतेस तिथे?"

मावशी रागाच्या भरात शब्द देऊन बसली: पुढच्या मेळ्यातही खुर्च्या रिकाम्या राहिल्या, तर गोदामाला कुलूप लावून तुझ्याकडे येईन. शब्द फिरवणाऱ्यांतली ती नव्हे. पण गाव सोडायचा नुसता विचारही तिला सोसत नसे, हेही तितकंच खरं.

वर्षभराने मेळ्याची बैठक बसली. मास्तर म्हणाले, "मावशी, पाचशे पाठवा."

"साठ मांडीन. बाकीच्या मागे ठेवीन."

"अहो, लोक उभे राहतील."

"राहू देत की. उभ्या माणसामागे दुसरा येऊन उभा राहतो, काय चाललंय बघायला. रिकाम्या खुर्चीमागे कोण येतं? आणि ते मैदान नको. वाचनालयासमोरची गल्ली द्या."

"गल्लीत कुणी मेळा भरवतं का?"

"गल्ली भरते तरी, मास्तर. तुमचं मैदान भरायला आणखी दोन गावं आणावी लागतील."

मास्तरांनी चाळीस वर्षं गावाला शिकवलं होतं. त्यांना शिकवायला निघालेलं हे पहिलंच माणूस. पण गेल्या वर्षी हात पोळले होते. त्यांनी गल्ली कबूल केली.

रविवारी दुपारी गल्लीत साठ खुर्च्या लागल्या, गुडघ्याला गुडघा भिडेल अशा. उरलेल्या वाचनालयाच्या मागच्या बोळात. मावशी खांबाला टेकून उभी, नजर माणसांवर. दहा जण उभे दिसले की ती बोट वर करी आणि मदतीला घेतलेला सायकलवाला बोळातून पाच खुर्च्या घेऊन येई. पाच म्हणजे पाच. सहावी त्याने आणलीच, तर ती त्यालाच परत नेऊन ठेवायला लावी.

पहिलं गाणं संपायच्या आत साठ भरल्या. टाळ्या ऐकून पलीकडच्या रस्त्यावरची माणसं वळली. गावच्या शिंप्याने बसवलेल्या नाटकात तर हसण्याचा असा गलका उठला, की वर्षानुवर्षं बंद असलेल्या तीन दुकानांची शटर वर गेली आणि मालकांनी पायऱ्या पुसून माणसं बसवून घेतली. एकाने तिथेच चहाचं आधण ठेवलं. चार वाजता बोळातली शेवटची खुर्चीही गेली. लोक घरून स्टुलं घेऊन आले, तरी गर्दी हटेना.

नेमका तेव्हाच गल्लीच्या तोंडाशी एक टेम्पो येऊन थांबला. लेक उतरली. आईचं सामान न्यायचं म्हणून ती टेम्पो ठरवूनच आली होती.

"टेम्पो आणलास? फार बरं झालं," मावशी म्हणाली. "शेजारच्या गावच्या खुर्चीवाल्याकडे जा. मी पाठवलंय म्हणून सांग. देईल तेवढ्या आण."

"आई, मी तुला न्यायला..."

"माहितीये. आधी खुर्च्या."

लेक गेली. तासाभराने दीडशे खुर्च्या घेऊन आली आणि पदर खोचून आईबरोबर उतरवायला लागली. उतरवल्या तशा त्या गर्दीने हातोहात नेल्या. टेम्पो रिकामा झाला. बसायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून दोघी टेम्पोच्या फळीवर टेकल्या. मावशीचा चेहरा असा फुलला होता, की जिंकले म्हणून वेगळं सांगायची गरज नव्हती.

"आई, मला वाटलं होतं यंदाही तू हरशील," लेक म्हणाली. "खरं सांगू? हरावीस असंच वाटत होतं. खोली रंगवून घेतलीये. पलंग उंच करून घेतलाय, उठताना तुझ्या गुडघ्यांना त्रास नको म्हणून."

वर्षभर मावशीने गावाचाच विचार केला होता. कुणीतरी आपली वाट बघत खोली रंगवत असेल, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

"महिन्यातले चार दिवस येत जाईन," ती शेवटी म्हणाली.

"आठ."

घासाघिशीत मावशी आजवर कुणाला हार गेली नव्हती. तिने लेकीकडे पाहिलं.

"आठ," ती म्हणाली.