फेट्याची खरी हकीकत

नांदेडला आमच्या गल्लीत माझी एक गोष्ट प्रसिद्ध आहे. लातूरहून येताना गुंडांची गाडी मागं लागली आणि रिटायर हेडमास्तरांनी डोकं शांत ठेवून सुनेला गाडी थेट लग्नाच्या मांडवात घालायला लावली, अशी ती गोष्ट. घरी उतरलो तेव्हा माझ्या डोक्यावर गुलाबी फेटा होता, म्हणून कुणी पुरावा मागितला नाही. मी ती चहाच्या टपरीवर सांगितली, बारशात सांगितली, एकदा तर दहाव्याला सांगितली. दर वेळी गाड्यांचा वेग थोडा वाढायचा.

खरी हकीकत त्याहून भारी आहे. फक्त तिच्यात मी शहाणा नाही.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना होता. लातूरला माझ्या थोरल्या बहिणीला बघून आम्ही परत निघालो होतो. मुलाला सुट्टी नव्हती, म्हणून गाडी सून चालवत होती. मला चालवता येत नाही, पण शेजारी बसून सूचना मात्र उत्तम देता येतात. चाकूर मागं पडलं आणि आमच्यापुढं एक रिकामी पिकअप आली. ती ना वेग वाढवत होती, ना बाजू देत होती. मधल्या पट्ट्यावर आरामात झुलत चालली होती. सून मागं अंतर ठेवून शांत बसली होती.

"हॉर्न वाजव की," मी म्हणालो.

"वाजवला मामा. देईल तो साइड. आपल्याला कुठं घाई आहे?" आमच्याकडं सून सासऱ्याला मामा म्हणते.

थोड्या वेळानं त्यानं साइड दिली. सून नीट बाजूनं पुढं निघाली. तिथं सगळं संपायला हवं होतं. पण माझा सगळा जन्म पोरांना गप्प बसवण्यात गेलेला. दोन्ही गाड्या बरोबरीला आल्या तशी मी काच खाली केली, पायातली चप्पल काढली आणि ती बाहेर धरून ओरडलो, "तुझ्या बापाचा रस्ता हाय का रे?"

चप्पल दाखवणं म्हणजे काय, हे आमच्या भागात लहान पोरालाही कळतं. शिवी माणूस विसरतो. चप्पल विसरत नाही.

पुढच्याच क्षणी आरशात ती पिकअप मोठी होऊ लागली! काय वेग होता तिचा! इतका वेळ झोपलेली ती गाडी आता उडत येत होती. आत तिघं. एकानं खिडकीतून हात काढला होता आणि हातात चाक खोलायची लोखंडी टॉमी होती.

"काच वर घ्या. दार लॉक करा. आणि त्यांच्याकडं बघू नका," सून म्हणाली. आवाज असा, जणू भाजीत मीठ किती घालू विचारत होती.

"थांबव गाडी. मी बोलतो त्यांच्याशी."

"थांबणार नाही."

"मग त्या कच्च्या रस्त्यानं घे, चुकवू त्यांना."

"तिथं कुणी नाही मामा. जिथं माणसं असतील तिथं जायचं."

पिकअप शेजारी आली. आम्हाला कडेला दाबू लागली. आमचं चाक डांबरावरून उतरलं, खडी उडाली, खालून खडखडाट झाला. मी देवाचं नाव घेत होतो की ओरडत होतो, आठवत नाही. सून मात्र वेग वाढवत नव्हती. उलट तिनं तो हळूच कमी केला. त्यामुळं पिकअप सपकन पुढं निघून गेली, आणि त्याच वेळी डावीकडं मंगल कार्यालयाची कमान दिसली. झेंडूच्या माळा, बँडवाले, ट्रॅक्टर-ट्रॉल्या, माणसांचा समुद्र. तिनं आत वळण घेतलं आणि गाडी बँडवाल्यांच्या शेजारी, तोंड गेटाकडं करून लावली. हे सगळं चाललेलं असताना, निघायला सोपं पडावं म्हणून तिनं गाडी वळवून लावली, हे मला आजही खरं वाटत नाही!

गेटावर पाव्हण्यांना फेटे बांधायचं काम चालू होतं. माझं दार उघडताच दोघांनी मला धरलं. "या या पाव्हणं! अक्षदा पडल्या की! कुणाकडचे?"

"मुलीकडचे," माझ्या मागून सून म्हणाली.

माझ्या डोक्याभोवती गुलाबी कापड फिरू लागलं, आणि फेट्याच्या आडून मला दिसलं, पिकअप उलटी येऊन गेटात थांबली. तिघं उतरले. टॉमी हातातच.

नवरीचा मामा आडवा गेला. पैलवानासारखा गडी. "पाव्हणं, ते लोखंड गाडीत ठेवा आधी. पंगत बसून राहिली तिकडं."

"आम्ही जेवायला न्हाई आलो. त्या म्हाताऱ्याला—"

"लग्नात आलेला माणूस उपाशी जात नसतो. ए, ह्यांना फेटे बांधा रे!"

तिघं बघतच राहिले. इतक्यात सून बायकांमध्ये शिरून नवरीच्या आत्याला खरं सांगून मोकळी झाली होती. "आम्ही तुमचे पाव्हणे नाही हो. ही माणसं मागं लागलीत म्हणून आत आलो." आत्याबाई म्हणाल्या, "आता झालात की पाव्हणे," आणि त्यांनी आपले चार भाऊ आमच्याभोवती आणून बसवले.

पंगतीत तो पिकअपवाला माझ्यासमोरच आला. दोघांच्याही डोक्यावर तोच गुलाबी फेटा. वाढपी बुंदी वाढत होता. पिकअपवाला पुढं झुकला. मला म्हणाला, "बाबा, माझ्या बापाच्या वयाचे तुम्ही. चप्पल दाखवायची व्हय?"

मी पत्रावळीकडं बघत वरण कालवत राहिलो.

सून उठून आली. "दादा, चुकलं आमचं. माफ करा."

"तुमची चूक न्हाई ताई. तुम्ही गाडी नीटच चालवून राहिल्या होत्या. ह्यांनीच..." तो थांबला. मग म्हणाला, "जाऊ द्या. टॉमी काढायला नको होती आम्ही बी." आणि त्यानं आणखी बुंदी मागितली.

निघताना त्या तिघांनीच गर्दीतून आम्हाला वाट करून दिली.

घरी मुलानं आणि माझ्या बायकोनं विचारलं, झालं काय. सून चप्पल काढत होती. मी म्हणालो, "हिनं घाईत कट मारला पिकअपवाल्याला. मग मीच म्हटलं, मांडवात घे." तिनं एकदा माझ्याकडं बघितलं आणि चहा ठेवायला आत गेली. सासऱ्याला चारचौघांत खोटं पाडायचं नाही, एवढं तिनं पाळलं. मी काहीच पाळलं नाही. त्या दिवसापासून तिला गाडीची किल्ली मिळणं बंद झालं. "हायवेवर हिचं डोकं चालत नाही," असं मुलगा म्हणायचा आणि मी मान हलवायचो.

गेल्या महिन्यात तिला लातूर रस्त्यावरच्या लोह्याच्या कॉलेजात शिकवायची जागा आली. नातवाच्या शाळेच्या वेळा सांभाळायच्या तर स्वतः गाडी नेणं भाग होतं. सोमवारी कळवायचं होतं. रविवारी जेवताना मुलगा म्हणाला, "त्याच रस्त्यावर? रोज? पुन्हा कुणाला कट मारलास तर? नाही म्हणून कळव."

ती ताटातली भाकरी मोडत राहिली.

मी म्हणालो, "कट तिनं मारला नव्हता. चप्पल मी दाखवली होती." आणि मग मला थांबवता येईना. टॉमी, कच्चा रस्ता, मांडव, बुंदी, सगळं सांगितलं. सांगता सांगता मी उठून उभा राहिलो होतो. ती गोष्ट खरी सांगण्यात इतकी मजा आहे हे मला माहीतच नव्हतं!

बायको म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं ह्या म्हाताऱ्याची टेप ऐकत होते मी? खोटी?"

सुनेनं मात्र माझ्याकडं बघितलं नाही. ती म्हणाली, "मागच्या वर्षी अर्धापूरची जागा आली होती. मी घरात सांगितलंच नाही. किल्ली कुणी देणार नव्हतं." मग म्हणाली, "हे तेव्हा बोलायचं होतं मामा."

मी खाली बसलो.

मुलगा म्हणाला, "तरी पण संध्याकाळी परत येताना..."

"किल्ली दे तिला," बायको म्हणाली. "आणि मास्तर, तुम्ही उद्यापासून सहा महिने टपरीवर हीच गोष्ट सांगा. खरी."

सांगतो आहे. पुढच्या सोमवारी सकाळी ती कामावर निघाली तेव्हा मी गेटात उभा होतो. कोपऱ्यावर एक मोटारसायकलवाला उलट्या बाजूनं घुसला आणि वर तिलाच डोळे दाखवू लागला. माझ्या तोंडापर्यंत शब्द आले. तिनं थांबून त्याला जाऊ दिलं, आरशात बघितलं, आणि लोह्याच्या रस्त्याला लागली.