झेंडूचा हार

खंडेनवमीला आमच्या गोदामात फोर्कलिफ्टची पूजा होते. यंदा हार मी आणला होता. चांगला जाडजूड झेंडूचा हार, तोही हौसेने ड्रायव्हरच्या बरोबर समोर आडवा बांधला. आरती झाली. नवा ऑपरेटर संतोष चाकाखालचं लिंबू चिरडायला गाडी सुरू करणार, तेवढ्यात त्याला शिकवणारे कदमकाका म्हणाले, “थांब. किल्लीला हात लावू नकोस.”

ते गाडीच्या पुढे गेले आणि जमिनीवर उकिडवे बसले. “मी दिसतो का रे?”

“नाही काका. नुसता हार दिसतोय.”

काका उठले. त्यांनी हार सोडला, कपाळाला लावला आणि गाडीच्या मागच्या बाजूला बांधला. मग संतोषने लिंबू चिरडलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी सोडून.

आपण यंत्राला हात जोडतो, सांभाळून घे म्हणतो. त्या बिचाऱ्या लोखंडाला काय कळणार, पुढे कोण आहे ते! सांभाळायचं असतं वर बसलेल्या माणसाने, आणि आपण नेमकी त्याच्याच डोळ्यांपुढे फुलं बांधतो. हे आता सुचतंय. तेव्हा मला रागच आला होता.

प्रसाद वाटताना मी काकांना म्हटलंच, “एका दिवसाचा तर हार होता.”

त्यांनी पेढा तोंडात घातला नाही, हातातच धरून ठेवला.

“माझ्या गाडीलाही एकाच दिवसाचा होता,” ते म्हणाले. “समोर माणूस बसलाय, ते मला लोक ओरडल्यावर कळलं.”