पाळण्याच्या कड्या

मुलांनो, काल व्हिडिओ कॉलवर तुम्ही हॉलच्या नव्या छताचं कौतुक केलंत, म्हणून हे आजच लिहिते. घर बांधताना तुमच्या आजोबांनी स्लॅबमध्ये पाळण्यासाठी दोन लोखंडी कड्या बसवून घेतल्या होत्या. तुमच्या बाबांचं आणि तुमचं बारसं त्यांच्याखालीच झालं. पीओपीचं छत करायला औरंगपुऱ्यातला ठेकेदार लावला, तेव्हा कड्या राहिल्या पाहिजेत, असं मी त्याला बजावलं होतं. दवाखान्यातून परतले तर त्यानं त्या कापलेल्या होत्या.

"आजी, आता पाळण्यात कोण झोपणार हो? पोरं तर तिकडं अमेरिकेत."

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त लागलं. तुमच्या बाबांना फोन केला, तर तो म्हणाला, "आई, छत सरळ आलं ना?"

कड्यांचे बोटभर तुकडे अजून स्लॅबमध्ये आहेत, पीओपीच्या वर.