पत्रा तुमचा, अस्तर माझं

तिला सगळे खाजकुयली म्हणत. गोदामांच्या पत्र्यांखाली, ऊन अडवायला, ग्लासवूल म्हणजे काचेची लोकर बसवायचं तिचं काम. काचेची बारीक कुसळं लुगड्यात घेऊनच ती घरी यायची. शेजारणी चार हात लांब उभ्या राहत. ही म्हणायची, "बरंय, कुणी अंगचटीला तर येत नाही."

स्वतः मात्र भाड्याच्या खोलीत, उघड्या पत्र्याखाली भाजून निघायची. सासूच्या पाठीवर घामोळ्यांनी बोटभर जागा सोडली नव्हती. शेवटी हिनं पदर खोचला. मुकादमाला विचारून ग्लासवूलचे उरलेसुरले तुकडे आणले, फ्रिजच्या खोक्यांतलं थर्माकोल जमवलं, फाटक्या गादीतला काथ्या पिंजला. थर्माकोल आणि काथ्या भसकन पेटतात, म्हणून शेगडीच्या डोक्यावर गोदामातलीच दगडापासून केलेली लोकर लावली, ती जळत नाही. खालून फळ्या ठोकून सगळ्याला अस्तर केलं. दिसायला भिकाऱ्याची झोळी, पण भर दुपारी सासू घोरायला लागली.

ते घोरणं घरमालकाच्या कानावर गेलं. तो आला, खोलीत उभा राहिला आणि हलेचना.

"खोली रिकामी करा. जावई राहायला येतोय."

"इतकी वर्षं जावयाला दिसली नाही ती?"

"तेव्हा भट्टी होती."

"करते की रिकामी." तिनं स्टूल ओढलं, पकड घेतली आणि पहिली फळी उचकटली.

"अहो, छताला हात लावू नका."

"पत्रा तुमचा, तो इथंच राहील. अस्तर माझं."

वरून ग्लासवूल सुटलं. मालकानं ते उघड्या हातांनी, हरवलेला भाचा सापडावा तसं कवटाळलं. घटकाभरात तो मानेपर्यंत खाजवत होता.

"चोळू नका, आत शिरतं. पाणी ओता," सासू पडल्यापडल्या म्हणाली.

उघड्या पत्र्यातून झळ खाली उतरली. मालकानं घाम पुसला. "बरं, राहा तुम्ही. जावयाचं बघतो दुसरीकडे."

तिची पकड थांबली. गोदामामागची खोली मुकादम द्यायला तयार होता, पण तिथंही पत्राच. सगळं पुन्हा पहिल्यापासून, आणि तोवर म्हातारी भाजणार. तिनं सासूकडं पाहिलं.

"काय करू, आत्याबाई?"

म्हातारी उठून अंथरूण गुंडाळायला लागली होती. "आज जावई, उद्या याची मेहुणी येईल. काढ गं. तो कोपरा राहिलाय."