सरिताताईंचे एकोणीस सेकंद

हिंगण्याच्या कारखान्यात सरिता गजभिये यांचं काम एकच होतं. पॅक झालेला डबा उघडायचा आणि आत सगळं आहे की नाही ते बघायचं. सव्वीस वर्षं हेच केल्यावर माणूस घरीही तसाच वागतो. दूधवाला असो की मीटर बघायला आलेला माणूस, ताई आधी नीट निरखून घेत, मगच बोलत.

मार्चमध्ये त्यांच्या वस्तीतल्या विहारात महिला मंडळाची बैठक झाली. मुलींसाठी अभ्यासिका सुरू करायची होती. ताई त्यावर बोलल्या. चार दिवसांनी मोबाइलवर त्यांचाच व्हिडिओ आला, जेमतेम एकोणीस सेकंदांचा. त्यात त्या हात उडवून म्हणत होत्या, "पोरीले एवढं शिकवून काय करायचं? शेवटी चूलच तं सांभाळाची हाये! लग्न करून द्या अन् मोकळे व्हा."

संध्याकाळी पुण्याहून मेघाचा फोन आला. ताईंनी डबल ड्यूटी करून शिकवलेली ही मुलगी, आता इंजिनिअर.

"आई, तू असं बोललीस?"

"मी असं बोलीन काय वं?"

"आवाज तर तुझाच आहे ना."

ते वाक्य ताईंना फार लागलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या बसमध्ये त्या चढल्या तशा गप्पा थांबल्या. रोज जागा धरून ठेवणाऱ्या बाईनं पिशवी उचललीच नाही.

बैठकीचं शूटिंग मंडळाच्या सचिव अरुंधती यांनी केलं होतं. ताई थेट त्यांच्या दारात गेल्या.

"मी फक्त स्टेटसले ठेवला," अरुंधती म्हणाल्या. "तिथं ठरावीक सेकंदंच बसते. बाकीचं आपोआप कटते, ताई. तिथून कोणी पुढं पाठवला असंल."

"अन् पुरा व्हिडिओ?"

"फोनमध्ये जागा नव्हती. डिलीट केला."

दोन्ही उत्तरं फार पटकन आली. ताई परतल्या. शब्द इकडून तिकडून उचलून जोडले असणार, अशी त्यांची खात्री झाली. पण जोड कुठे आहे, ते दाखवायचं कसं?

चौकात एका जिन्यावर 'बेसिक कॉम्प्युटर व व्हिडिओ एडिटिंग' अशी पाटी होती. शिकवणारी हिमानी पंचविशीची होती. बाकीच्यांना वाढदिवसाच्या फोटोंवर गाणं बसवायचं होतं. ताईंना विचारल्यावर त्या म्हणाल्या, "मले चोरी पकडाची हाये."

पहिले आठ दिवस माऊसनं जीव खाल्ला. फाइल कुठे सेव्ह झाली तेच सापडायचं नाही. तिला ओळखीचं नाव द्यायचं आणि आपल्या फोल्डरमध्ये ठेवायचं, हे हिमानीनं तीनदा सांगितलं. चूक झाली की ताई घाबरून हात वर घेत. हिमानी म्हणायची, "कंट्रोल दाबून झेड दाबा, काकू. मागं येते सगळं." एक नियम मात्र ताईंना लगेच पटला. मूळ व्हिडिओला हात लावायचा नाही. आधी त्याची कॉपी करायची, कापाकापी त्या कॉपीवर.

नवव्या दिवशी त्यांनी तो व्हिडिओ कॉम्प्युटरवर घेतला. खाली लांब पट्टी, तिच्यात बारीक बारीक चित्रं, त्याखाली आवाजाच्या लाटा. बाणाच्या बटणानं एकेक चित्र सरकवत त्या बघत राहिल्या. जोड असला तर हात किंवा डोकं एकदम जागा बदलतं, लाटही मध्येच तुटते, असं हिमानीनं सांगितलं होतं. पण कुठेच काही तुटलं नव्हतं. सगळं सलग होतं.

ताईंनी माऊसवरचा हात काढला. म्हणजे हे आपणच बोललो?

"काकू, पहिलं चित्र बघा," हिमानी म्हणाली.

पहिल्याच चित्रात ताईंचं तोंड उघडं होतं. वाक्य आधीच सुरू झालेलं होतं.

"मधात कापला नाही. आधीचा अन् नंतरचा भाग काढला." मग तिनं आपल्या फोनवर एक लांब व्हिडिओ स्टेटसला लावून दाखवला. निवडीची चौकट आपोआप सुरुवातीवर येऊन थांबली. "मधला तुकडा पाहिजे असंल, तं बोटानं ओढून न्यावा लागते."

"आपोआप नाही?"

"नाही."

ताई पुन्हा अरुंधतींच्या घरी गेल्या. या वेळी फोन मागितला आणि हिमानीनं शिकवल्याप्रमाणे गॅलरीतला ट्रॅश उघडला. डिलीट केलेलं काही दिवस तिथंच पडून राहतं. व्हिडिओ होता, कायमचा जायला तीन दिवस उरले होते. अरुंधती उंबऱ्यात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी अडवलं नाही.

चार मिनिटांच्या त्या व्हिडिओत ताई म्हणत होत्या, "लोक मले म्हणत..." आणि पुढे ते एकोणीस सेकंद. लगेच नंतर, "असं म्हणणाऱ्याच्या दारात मी पाय ठेवला नाही!" पण त्याआधीही एक वाक्य होतं, जे ताई स्वतः विसरल्या होत्या. "काही बाया मंडळात फक्त फोटोपुरत्या येते." तिथं चित्र हललं होतं. फोन अरुंधतींच्या हातात होता.

"बोट कोणाचं होतं वं?" ताईंनी विचारलं.

अरुंधती आत येऊन बसल्या. मग म्हणाल्या, "माहंच. सगळ्यायसमोर तुम्ही मलेच म्हटलं. वाटलं, चार जणी हसतीन तुमच्यावर. एवढं पसरंल असं नाही वाटलं."

"माही पोरगी मले विचारते, तू असं बोलली काय म्हणून."

अरुंधतींनी तो व्हिडिओ ट्रॅशमधून परत आणला आणि ताईंच्या फोनवर पाठवला.

पुढच्या रविवारी विहारात पूर्ण व्हिडिओ दाखवायचं ठरलं. आदल्या दिवशी हिमानीनं विचारलं, "ते फोटोवालं वाक्य कापू काय, काकू? तुमच्यावर येईन ते."

ताईंनी विचार केला. "राहू दे. मी कापलं तं मीही तेच केलं."

व्हिडिओ संपल्यावर दोघीतिघी जवळ आल्या, बसमधली बाईही. ताईंनी त्या वाक्याबद्दल अरुंधतींची माफी मागितली. अरुंधतींनी सगळ्यांसमोर ते बोट आपलंच असल्याचं कबूल केलं. मेघाला ताईंनी पूर्ण फाइल पाठवली, सोबत एक शब्दही न लिहिता. तिचा फोन आला तेव्हा ती रडत होती.

अभ्यासिका जूनमध्ये सुरू झाली. एका कोपऱ्यात जुना कॉम्प्युटर आहे आणि शनिवारी ताई तिथं मुलींना फाइल, फोल्डर, कॉपी शिकवतात. अरुंधती चटया घालायला येतात. दोघी बोलतात, पण जपून. मुली हसत हसत फोनवरचा एखादा व्हिडिओ दाखवतात, तेव्हा ताई चष्मा लावून विचारतात, "हा कुठून सुरू होते? अन् याच्या आधी काय होतं?"