नटवलेलं पत्र

मास्तर कधीही कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. एका शीतगोदामाच्या कचेरीत ते पत्रव्यवहाराचे कारकून होते आणि बावीस वर्षं खिडकीजवळच्या त्याच टेबलाशी बसून समुद्रापलीकडच्या मुख्य कचेरीला इंग्रजी पत्रं लिहीत होते. ‘मास्तर’ हे नाव पडलं ते फळ्यामुळे. गोदामाच्या दाराशी फळा होता. कुठल्या खोलीत किती थंडी आहे ते त्याच्या वरच्या भागात लिहायचं. खालचा भाग रिकामा राही, आणि रिकामी जागा पाहिली की मास्तरांचा हात शिवशिवायचा. तिथं ते रोज एक इंग्रजी वाक्प्रचार लिहीत आणि पुढे त्याचा अर्थ, आपल्या रोजच्या बोलण्यातला. ‘अंडर द वेदर’ म्हणजे अंगात कसकस. ‘वन्स इन अ ब्लू मून’ म्हणजे चुकूनमाकून, जसा आपला साहेब हसतो. ‘पास द बक’ म्हणजे आपल्या गळ्यातलं घोंगडं दुसऱ्याच्या गळ्यात. पॅकिंगच्या हॉलमधल्या बाया आत शिरताना वाचत, हसत, आणि दुपारपर्यंत एकमेकींवर त्याचा प्रयोगही करत.

फळ्यापर्यंत ठीक होतं. पण माणसाला एकदा दाद मिळाली की तो थांबत नाही. मुख्य कचेरीत पत्रं बघणारी एक बाई होती. तिला मास्तरांची भाषा भारी आवडायची. मास्तर साधं ‘खोकी उशिरा आली’ असं कधी लिहायचे नाहीत. खोकी गोगलगायीच्या पाठीवर बसून यायची. ती बाई ही पत्रं चहाच्या वेळी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवायची आणि तसं मास्तरांना कळवायचीही. तिची उत्तरं त्यांनी खणात जपून ठेवली होती. घरी ती कुणाला वाचता येत नव्हती, तरी हे अधूनमधून काढून दाखवत. स्तुती ही फार वाईट गोष्ट आहे, विशेषतः ती उशिरा मिळाली तर.

त्याच गोदामात मास्तरांचा धाकटा भाऊ फिटर होता. बारा वर्षांनी लहान. त्याला इथं चिकटवला तो मास्तरांनीच, साहेबाच्या चार वेळा पाया पडून. दोघं भाऊ एकाच घरात राहायचे, मास्तर खाली आणि धाकटा बायकोसह वर. स्वभाव मात्र एका आईच्या पोटचे वाटू नयेत असे. धाकट्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पाना लावून फिरवावा लागे.

तर एका सोमवारी सकाळी हा धाकटा आपणहून कचेरीत आला. हातात कागदाची पुडी होती. ती त्यानं मास्तरांच्या टेबलावर उलगडली. आत तांबूस काळ्या खपल्या होत्या.

“टेबल कशाला घाण करतोस?”

“तीन नंबरच्या पाइपाची साल आहे दादा. बोट लावलं आणि निघाली.”

मास्तरांना यंत्रातलं फारसं कळत नव्हतं, पण एवढं ठाऊक होतं की त्या पाइपांतून अमोनिया जातो आणि त्याच्यावर सगळ्या खोल्या गार राहतात. पाइपांवर जाड वेष्टण असतं. त्या वेष्टणाच्या आत वर्षानुवर्षं पाणी मुरत होतं आणि लोखंड आतल्या आत सडत होतं. वरून बघावं तर सगळं पांढरंशुभ्र. तीन नंबरचा पाइप जात होता पॅकिंगच्या हॉलला लागून, आणि मधल्या भिंतीत खोकी सरकवायला एक मोठी खिडकी होती.

“फुटला तर?” मास्तरांनी विचारलं.

“तर पलीकडच्या बायांना पळायलाही वेळ मिळणार नाही. श्वास घेतला की संपलं.”

“मग बंद कर की प्लांट!”

“मी कोण बंद करणार? साहेबाला विचारलं. तो म्हणतो, आतला माल परक्यांचा, मुख्य कचेरीच्या हुकमाशिवाय बटणाला हात लावायचा नाही. तू लिही त्यांना. आणि दादा...” दारापर्यंत गेलेला धाकटा मागे वळला. “सरळ लिही हं. फुलं-पानं काढत बसू नकोस.”

मास्तरांनी सरळच लिहिलं. खोटं कशाला बोला, पहिला मजकूर चार ओळींचा होता: पाइप सडला आहे, तो फुटेल, माणसं मरतील, प्लांट बंद करायची परवानगी द्या. मग त्यांनी तो वाचला, आणि इथंच घोड्यानं पेंड खाल्ली. ते पत्र त्यांना उघडंबोडकं वाटलं. हे तर कुणीही लिहील, असं त्यांच्या मनात आलं. ती बाई म्हणेल, आज मास्तरांना झालंय तरी काय? धोका मोठा आहे तर भाषाही तेवढीच जोरकस हवी, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि पेनचं टोपण पुन्हा काढलं.

अर्ध्या तासात पत्र नटूनथटून उभं राहिलं. ‘सिटिंग ऑन अ पावडर केग’, म्हणजे दारूच्या पिंपावर बसणं, जिवाला घोर. ‘द रायटिंग इज ऑन द वॉल’, म्हणजे पुढचं संकट डोळ्यांना स्वच्छ दिसतंय. ‘अ स्टिच इन टाइम’, म्हणजे वेळीच टाका घातला की पुढचं फाटत नाही. एकाही वाक्प्रचाराचा अर्थ चुकला नव्हता, हे मी मुद्दाम सांगतो. प्रत्येक आपापल्या जागी चपखल बसला होता. परवानगीची ओळ सगळ्यात शेवटी गेली, आणि पत्र फॅक्सनं रवाना झालं.

मंगळवारी संध्याकाळी उत्तर आलं. बाईंनी लिहिलं होतं की हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, पत्र साऱ्या मजल्यावर फिरलं, तुमचं लिखाण म्हणजे ‘अ ब्रेथ ऑफ फ्रेश एअर’, ताज्या हवेची झुळूक. पाइपांचं म्हणाल तर वार्षिक दुरुस्तीत जरूर बघू. मास्तरांनी ते दोनदा वाचलं. एरवी असल्या पत्रानं ते आठवडाभर तरंगत राहिले असते. आज ते खणात गेलं नाही, टेबलावरच पडून राहिलं.

धाकटा घरी निघताना डोकावला. “काय म्हणाले?”

“बघतो म्हणाले.”

धाकट्याला इंग्रजी येत नव्हतं, पण डोळे होते. त्यानं कागद उचलला. शेवटच्या ओळीपुढे एक वाटोळं हसरं तोंड काढलेलं होतं.

“हे हसतंय का, दादा?”

मास्तरांनी कागद त्याच्या हातून काढून घेतला.

“तू काय लिहिलंस?”

मास्तरांनी सांगितलं. एकेक वाक्प्रचार आणि एकेक अर्थ, फळ्यावर लिहीत तसं. धाकट्यानं पूर्ण ऐकून घेतलं. तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

“तुझ्या कपड्यांनी पेट घेतला, तर तू ‘आग’ म्हणशील की आधी म्हण आठवशील?” एवढंच तो म्हणाला.

“उद्या तू येऊ नकोस. रजा टाक.”

“आणि माझ्या जागी जो येईल त्याला काय घर नाही? शिवाय त्या पाइपाजवळ लक्ष द्यायला कुणीतरी हवंच. तू फक्त नीट लिही.”

बुधवारी सकाळी आठ वाजता मास्तरांनी नीट लिहिलं. सहा वाक्यं, एकही अलंकार नाही. पत्र क्षणात गेलं, पण तिकडे अजून उजाडलंही नव्हतं. मुख्य कचेरी उघडायची ती आपल्याकडच्या दुपारी. त्यांनी फोन लावला, घंटा वाजत राहिली. पुन्हा लावला. मग ते साहेबाच्या खोलीत शिरले, बावीस वर्षांत पहिल्यांदाच दार न वाजवता.

“साहेब, तुमच्या जबाबदारीवर बंद करा. मी हात जोडतो.”

“हुकूम येऊ दे ना मास्तर. दुपारपर्यंत काय आभाळ कोसळतंय?”

मास्तर बाहेर आले आणि पॅकिंगच्या हॉलच्या दाराशी जाऊन उभे राहिले. बाया खोक्यांना चिकटपट्ट्या लावत होत्या. एकीनं हाक मारली, “मास्तर, आज फळा कोरा कसा?” त्यांना आत जाऊन ‘बाहेर पडा’ असं ओरडायचं होतं. पण कुणाच्या हुकमानं ओरडायचं, हे त्यांना ठरवता येईना. बावीस वर्षं दुसऱ्यांचं म्हणणं लिहिणाऱ्या माणसाला स्वतःचं म्हणणं ओरडायची सवय नसते. ते तिथंच घुटमळत राहिले.

अकरा वाजून वीस मिनिटांनी जाड कापड टराटरा फाटावं तसा आवाज झाला. मग खिडकीतून पांढरा लोट आत आला आणि नाकाडोळ्यांत तिखट आग भरली. आता मात्र मास्तर ओरडले. बाया डोळे मिटून, एकमेकींच्या खांद्यांना धरून धडपडत बाहेर पडल्या. मैदानात मोजल्या तर एक्केचाळीसच्या एक्केचाळीस. लोट वाढतच होता, आणि मग तो हळूहळू विरळ व्हायला लागला. आतून कुणीतरी मुख्य व्हॉल्व बंद केला होता.

कुणी, हे मास्तरांना विचारावं लागलं नाही. यंत्रखोलीत वायूपासून बचावाचा एकच मुखवटा होता आणि त्याची मुदत कधीच संपली होती. धाकट्याला उचलून आणलं तेव्हा त्याच्या मिशीवर दंव होतं आणि श्वास नव्हता.

दुपारी दीड वाजता मुख्य कचेरीतून हुकूम आला: प्लांट ताबडतोब बंद करा. वरातीमागून घोडं, दुसरं काय.

चौथ्या दिवशी सकाळी भावजय वरून खाली आली. मास्तर कॉटवर बसून होते. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. रडून रडून तिचा आवाज बसला होता.

“भाऊजी, हे म्हणाले होते, दादा लिहिणार आहे. तुम्ही कळवलं होतं ना त्यांना?”

“हो.”

“बुधवारी?”

मास्तरांना ‘हो’ म्हणता आलं असतं. तेही खरंच होतं.

“सोमवारी,” ते म्हणाले.

“म्हणजे दोन दिवस आधी?” ती एक पाऊल आत आली. “मग ते काय म्हणाले?”

“हसले.”

“माणसं मरतील हे वाचून हसले?”

“ते मी लिहिलंच नव्हतं,” मास्तर म्हणाले. “लिहिलं होतं, पण खोडलं.”